मधला तुकडा

सॅली चेऊलकरला राग आला की ती भांडी घासायला घेई. घासलेलीच पुन्हा घासत असे. त्या गुरुवारी दुपारी बेर्शेबातल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तांब्याचं एकच पातेलं तिसऱ्यांदा घासलं जात होतं आणि तिचा नवरा मनाशे बाल्कनीत पेपराआड तोंड लपवून नुसता आवाज ऐकत होता. पातेलं खाली ठेवल्याशिवाय काही विचारायचं नाही, एवढं शहाणपण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला आलं होतं.

पातेलं एकदाचं आदळलं.

"काय म्हणाली यार्देन?" मनाशेने विचारलं.

"कचरा म्हणाली! आमच्या गाण्यांना कचरा म्हणाली!"

यार्देन ही त्यांची नात. सव्वीस वर्षांची, तेल अविवला नोकरीला. नोकरी कसली, तर नद्या, वाळूच्या टेकड्या आणि कचरा यांच्यासाठी सरकारशी भांडणाऱ्या एका संस्थेत. पोरगी फुकट भांडत होती ती आता पगार घेऊन भांडते, एवढाच फरक, असं सॅलीचं मत. चार महिन्यांनी यार्देनचं लग्न होतं. लग्नाआधी मेंदी, आणि मेंदीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात आपल्या गाण्यांची एक डिस्क ठेवायची, हे सॅलीने मनात पक्कं केलं होतं. ती आनंदाची बातमी द्यायला तिने फोन केला आणि हे ऐकून घेतलं.

डिस्कची गोष्ट आजची नव्हती. रेवदंडा, चेऊल, नवगाव अशा कोकणातल्या गावांतून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेल्या सात ज्यू म्हाताऱ्या दर मंगळवारी सिनॅगॉगमागच्या हॉलमध्ये जमत आणि लग्नाची, मेंदीची, हळदीची गाणी म्हणत. सगळ्यांत थोरली अहुवा, ब्याऐंशी वर्षांची. तिचा आवाज अजून खणखणीत होता, पण शब्द आता एकेक करून रजेवर जायला लागले होते. म्हणून सॅलीने तीन वर्षं सगळ्यांच्या मागे लागून, गेल्या हिवाळ्यात, २००४ सालच्या सुरुवातीला, अकरा गाणी रेकॉर्ड करून घेतली. सगळी उत्तम झाली. एकाच गाण्यात खड्डा राहिला, आणि तेही नेमकं सगळ्यांच्या आवडीचं होडीचं गाणं.

*रेवदंड्याच्या बंदरी आली गं होडी,*
*उतरा विहीणबाई, घ्या गुळाची गोडी.*

पाच कडवी. पहिली दोन येत होती, शेवटची दोन येत होती, मधलं एक कोणाला म्हणजे कोणालाच आठवेना. अहुवाने डोळे मिटले, कपाळ चोळलं, आपल्या आईला हाक मारली, पण कडवं काही आलं नाही. शेवटी त्या जागी सातही जणींनी नुसतं "हं हं हं" केलं आणि पुढे गेल्या. ते "हं हं हं" सॅलीला दातात अडकलेल्या काडीसारखं टोचत राहिलं होतं.

"ती गाण्यांना कचरा नाही म्हणाली," मनाशे म्हणाला. "डब्यांना म्हणाली असेल."

तेही खरंच होतं. यार्देन म्हणाली होती ते हिब्रूत. आजी मराठीत बोले, नात 'सफ्ता', म्हणजे आजी, अशी हाक मारून हिब्रूत उत्तर देई, आणि लहानपणापासून दोघींचं सुरळीत चाललेलं होतं. "सफ्ता, मा पितोम! भलतंच काय! पाचशे डिस्क, पाचशे प्लास्टिकच्या डब्या, वरून पाचशे प्लास्टिकचे कागद. लोक घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकणार, वर्षाने ड्रॉवर साफ करणार. माझ्या मेंदीला मी कचरा वाटणार नाही." सॅलीने फोन ठेवून दिला होता.

संध्याकाळी यार्देनचाच पुन्हा फोन आला. आवाज नरम होता, पण हेका तोच. "जी कंपनी हे काम स्वच्छ करत असेल, ती शोध. खरंच स्वच्छ. कागदावर हिरवं पान छापलेली नको. तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग. मग मी स्वतःच्या हाताने वाटीन. नाहीतर नाही."

"मला प्लास्टिक शिकवते!" सॅली मनाशेला म्हणाली. पण या खेपेला पातेल्याला हात लावला नाही. ती विचारात पडली होती.

कारण प्लास्टिक सॅलीला कोणी शिकवायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षं तिने नेगेवच्या वाळवंटातल्या एका कारखान्यात मशीनवर काढली होती. शेतात ठिबकने पाणी द्यायच्या नळ्यांचे बारीक बारीक भाग तिथे होत. वितळलेलं प्लास्टिक एका तोंडातून साच्यात शिरतं आणि साचा उघडला की मालाबरोबर त्या तोंडातली दांडीही बाहेर येते. माल इकडे, दांडी तिकडे. ती दांडी मोडून पिंपात टाकायची, पिंप चक्कीत रिकामं करायचं, आणि उद्या त्याच भुग्याचा पुन्हा माल करायचा, हे सॅलीचं काम. कोणी दांड्या केरात टाकल्या की ती असा आवाज चढवी, की फोरमन आधी कान झाकी आणि मग पिंप बघायला जाई. गाणी ड्रॉवरमध्ये पडू द्यायची नव्हती, तिची शेवटची इच्छा म्हणा, हट्ट म्हणा, हाच होता. यार्देनने ती वाटली नाहीत, तर तिच्या पिढीतलं कोण वाटणार होतं?

पुढच्या सोमवारी मनाशेने आपली जुनी पांढरी गाडी काढली. तो आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला, त्यामुळे गाडीत तीनच माणसं असली तरी निघण्याआधी आरशातून मागे बघून "सगळे बसले?" असं विचारायची त्याची सवय गेली नव्हती. मागे अहुवा बसली होती, मांडीवर पुऱ्यांचा डबा घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "आवाज माझा नि कंपनी तुम्ही बघणार?" एवढं म्हणून ती चढली होती.

तेल अविवजवळ पेताह तिक्वातल्या पहिल्या कंपनीचं ऑफिस काचेचं होतं. आत एवढं गार, की अहुवाने पदर डोक्यावरून घेतला. रोय नावाचा हसरा तरुण त्यांना भेटला. त्याने कॉफी आणली, बिस्किटं आणली, आणि एक गुळगुळीत पुस्तिका पुढे ठेवली. पहिल्या पानावर हिरवं पान होतं. भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट होतं, त्याच्यावरही पान होतं.

"आमचा दर हजार डिस्कमागे एक झाड लावायचा नियम आहे," रोय म्हणाला.

"छान," सॅली हिब्रूत म्हणाली. "मला एक सांगा. मधला तुकडा कुठे जातो?"

"कुठला तुकडा?"

"डिस्कला मधे भोक असतं ना? भोक पाडलं की तुकडा निघतो. एका डिस्कचा एक. तो कुठे जातो?"

रोयने टेबलावरची डिस्क उचलून भोकातून पलीकडे पाहिलं, जणू तुकडा तिथे असेल. "बहुतेक... डिस्क भोकासकटच तयार होते."

"मेदूवड्याचं पीठ तेलात सोडायच्या आधी भोक अंगठ्याने पाडावं लागतं," अहुवा मराठीत पुटपुटली. "याला कोणी वडा करून दाखवला नाय वाटतं."

"साचा कुठे आहे? आम्हाला दाखवा," सॅली म्हणाली.

साचा तिथे नव्हता. कारखाना तिथे नव्हता. तो परदेशात होता. कुठल्या देशात, ते दरवर्षी बदलत असे. रोय बिचारा लबाड नव्हता. त्याने मोकळेपणाने हात वर केले. "चार वर्षं विकतोय, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मी विचारून कळवतो."

"विचारा हो," सॅली प्रेमाने म्हणाली, "पण झाड लावलं म्हणून तुकड्याचं काय होतं, तेही विचारा." निघताना अहुवाने त्याला चार पुऱ्या बांधून दिल्या. पोरगा चांगला आहे, कंपनी कशी का असेना, असं तिचं म्हणणं.

त्याच दुपारी तेल अविवच्या दक्षिणेला दुसरी कंपनी पाहिली. तिथल्या मालकाने प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर दिलं, "सगळं पुन्हा वापरतो, सगळं, शंभर टक्के!" इतक्या घाईचं उत्तर सॅलीला आवडलं नाही. तिने बाथरूमला जायचं निमित्त केलं आणि मागच्या दाराने बाहेर डोकावली. कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत पारदर्शक तुकडे, चकत्या, उष्ट्या सॅलडचे डबे, सगळं एकत्र नांदत होतं. ती परत येऊन गाडीत बसली, आणि मनाशेने काही न विचारता गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर अहुवा झोपली. सॅली खिडकीबाहेर बघत राहिली. शेतं मागे पडली, झाडं विरळ झाली, नेगेवची पिवळी जमीन सुरू झाली, आणि मग तिने एकदम मनाशेच्या दंडावर थापटी मारली.

"आपण उलटं शोधतोय! डिस्क कोण करतं ते कशाला विचारायचं? तुकडे कोण विकतं ते विचारायचं!"

तिच्या कारखान्यातला जास्तीचा भुगा विकत घेणारा भंगारवाला अजून धंद्यात होता. घरी पोचल्यावर, चप्पल काढायच्या आत, सॅलीने त्याला फोन लावला. गोल, काचेसारखे, कडक तुकडे तुला कोण देतं? त्याने क्षणभरही विचार केला नाही. "अमनोन. एकटाच. पण तुझ्याच गावात आहे तो, सॅली. बस डेपोच्या मागे."

मनाशेने बत्तीस वर्षं त्या डेपोतून बस बाहेर काढली होती. "ती लाल शटरवाली? मला वाटायचं तिथे टायर विकतात," तो म्हणाला. ही गोष्ट पुढे मेंदीपर्यंत त्याला रोज ऐकावी लागली.

अमनोन साठीचा, सँडल घातलेला, बोलायला कंजूष माणूस होता. त्याच्या ऑफिसात पुस्तिका नव्हती, कॉफी तर नव्हतीच. "लग्नाच्या डिस्क?" तो म्हणाला. "लहान कामं मला परवडत नाहीत."

"मधला तुकडा कुठे जातो?" सॅलीने विचारलं.

अमनोनने चष्मा काढला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि उठून चालायला लागला. सॅली मागोमाग गेली. काचेपलीकडे मशीन चाललं होतं. साचा उघडे, एक चकती बाहेर येई, आणि एक छोटा यांत्रिक हात तिच्या मधला तुकडा उचलून बाजूच्या नळीत टाकी. नळीच्या टोकाला पिंप होतं. अमनोनने झाकण उघडलं. आत स्वच्छ, पारदर्शक तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे, प्रत्येकाला एक इवली दांडी. सॅलीने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तांदळातून फिरवावा तसा फिरवला. सात वर्षं झाली होती तिला रिटायर होऊन. तिचे डोळे भरून आले, आणि प्लास्टिकच्या पिंपापुढे डोळे भरून आले म्हणून तिचं तिलाच हसू आलं.

"दळून देतो. त्याची बटणं होतात, दिव्यांची झाकणं होतात," अमनोन म्हणाला. "धुण्याचं पाणी गाळून परत फिरवतो. पण सगळंच काही चांगलं नाही. या."

त्याने तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे जाळीच्या पिंजऱ्यात बिघडलेल्या डिस्कचा ढीग होता, उन्हात डोळे दिपतील असा. "यांच्यावर धातू चढलेला असतो, लाख चढलेली असते. हा माल अजून कोणी घेत नाही. जाळला तर विषारी धूर होतो, आणि पुरायला माझं मन घेत नाही. तीन वर्षांचा आहे. रोज गाडी मी याच्यासमोर लावतो, विसरायला होऊ नये म्हणून."

सॅलीने पिंजऱ्याभोवती फिरून तो ढीग पाहिला. दोन कंपन्यांनी तिला चांगलं तेवढं दाखवलं होतं. या माणसाने वाईटही दाखवलं, तेही न विचारता. तिचं मन तिथेच बसलं.

"किती पाहिजेत?" अमनोनने विचारलं.

"पाचशे."

"ऐकणार किती जण?"

यार्देनही हेच म्हणाली होती, फक्त चिडून.

"बाई, सगळ्यांत स्वच्छ डिस्क म्हणजे मी न केलेली," अमनोन म्हणाला. "डबी नको, ती डिस्कच्या चारपाच पट जड असते. पुठ्ठ्याचं पाकीट करू. पण तीनशेच्या खाली मी मशीन तापवत नाही. तापेपर्यंत निघतो तो माल बिघडलेलाच असतो, तो या पिंजऱ्यात जातो. थोड्या डिस्कसाठी तेवढाच कचरा होतो. मला तीनशे खरे ऐकणारे आणून द्या. मग करतो."

त्या रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर याद्या पसरल्या गेल्या. पाचशेचा आकडा आला कुठून, ते पंधरा मिनिटांत कळलं. सॅलीची यादी वेगळी, तिच्या मुलीची, म्हणजे यार्देनच्या आईची वेगळी, आणि नवऱ्यामुलाकडची वेगळी. नवरामुलगाही आपल्यातलाच, पेण-अलिबागकडचा. मग व्हायचं तेच झालं होतं. अश्दोदची एक बाई सॅलीच्या यादीत मावसबहीण म्हणून होती, मुलीच्या यादीत शेजारीण म्हणून होती आणि व्याह्यांच्या यादीत आत्या म्हणून होती. खुद्द अहुवा तिन्ही याद्यांत मिळून चार ठिकाणी निघाली. मुळात कोकणातल्या दहावीस गावांतलं गोत, त्यात एकमेकांत सोयरीक. याद्या तीन पण माणसं तीच. घरटी एक डिस्क धरून सॅलीने मोजलं, तर भरली एकशे एकतीस घरं.

"बाकीची आणायची कुठून?" मनाशे म्हणाला.

"फोन कशाला आहे?" सॅली म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सातही म्हाताऱ्या फोनला बसल्या. दिमोना, अश्दोद, लोद, रामले, येरुहाम, जिथे जिथे आपली माणसं होती तिथे फोन गेले. सॅलीने नियम केला होता आणि तो कोणासाठीही वाकणार नव्हता. आपण होडीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायची. समोरच्याने दुसरी म्हणून दाखवायची. आली तर नाव लिहायचं, नाही आली तर "शालोम, तब्येतीला जपा."

आठ दिवस बेर्शेबातले सात फोन लागत नव्हते. लोदच्या एका रिटायर पोस्टमनने दुसरी ओळ म्हटली, मग तिसरी म्हटली, मग संपूर्ण गाणं म्हटलं आणि रडून घेतलं. अश्दोदच्या मावसबहिणीने भलत्याच गाण्याची ओळ म्हटली आणि वर "तुमचंच चुकतंय" म्हणून अर्धा तास वाद घातला. दिमोनाच्या हेदवाला ओळ आली नाही. सॅलीने तिला शालोम म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी हेदवाचा उलट फोन आला. तिने थोरल्या बहिणीकडून ओळ घोकून घेतली होती. "आता लिही माझं नाव! बिनडिस्कची र्‍हाणार नाय मी." सॅलीने लिहिलं. डिस्क हातात पडायच्या आधीच गाणं एका घरात शिरलं होतं, मग यादीत नाव घालायला काय हरकत?

प्रत्येक फोनच्या शेवटी सॅली आणखी एक गोष्ट विचारी. "मधलं कडवं येतं का गो?" कोणालाच येत नव्हतं. पोस्टमनही त्या जागी "हं हं हं" करूनच पुढे गेला होता. सगळा देश पालथा घातला, तीनशे घरं भरली, पण कडवं काही मिळालं नाही. सॅलीने मग आशा सोडली. पाचांतली चार तर आहेत, असं ती स्वतःला सांगे. पण वाईट वाटायचं ते वाटेच.

यार्देन एका शुक्रवारी येऊन कारखाना बघून गेली. आजीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि तो स्वभाव तिने कोणाकडून उचलला होता ते सांगायला नको. पिंजऱ्यातल्या ढिगावरून ती अमनोनशी तासभर भांडली. अमनोनलाही बऱ्याच दिवसांनी कोणी भांडायला मिळालं होतं. शेवटी त्या धातूच्या मालासाठी गिऱ्हाईक शोधायची जबाबदारी यार्देनच्या संस्थेने घेतली आणि भांडण संपलं. बाहेर येऊन ती सॅलीला म्हणाली, "कोल हकावोद, सफ्ता. शाबास." सॅलीने "त्यात काय!" असा चेहरा केला, पण घरी जाईपर्यंत गालातल्या गालात हसत होती.

डिस्क निघाल्या त्या दिवशी अहुवा मलिद्याचं ताट घेऊन कारखान्यावर हजर झाली. काम पार पडलं की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, ही आपली रीत. ताट मशीनपुढे ठेवून ब्राखा, म्हणजे खाण्याआधीच्या प्रार्थना, म्हणायच्या, असा तिचा बेत होता. अमनोन दारात आडवा झाला. "धुळीचा एक कण आत गेला तर शंभर डिस्क जातात, आणि तुम्ही पोहे आणलेत?" बराच वाद झाला. अखेर ताट मनाशेच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून उन्हातच ब्राखा म्हटल्या गेल्या. अमनोनने मलिदा दोनदा मागून खाल्ला.

आणि मेंदीचा दिवस उजाडला. सॅलीच्या घरात सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती. बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याच्या पाकिटांचे गठ्ठे रचले होते, प्रत्येकावर घराचं नाव. स्वयंपाकघरात मुंबईहून आणलेल्या विळीवर बसून सॅली नारळ खवत होती. पलीकडे अहुवा मेंदी भिजवत होती. यार्देन आत आली, हातात एक पाकीट घेऊन.

"सफ्ता, मी सगळे गठ्ठे पाहिले. माझं नाव कुठेच नाही."

"नाहीच," सॅली मान वर न करता म्हणाली. "तू कचरा म्हणालीस ना? आणि नियम सगळ्यांना सारखा. दुसरी ओळ म्हण, मग घे."

"मा पितोम! नवरी मी आहे!"

"हेदवाने दोन दिवस घोकली. तू नवरी असशील तुझ्या घरची."

यार्देन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सॅलीने विळीवरची नारळाची वाटी फिरवली, कडेचा एक जाड तुकडा सुरीने सुटा केला, आणि बोलता बोलता, लक्षही न देता, तो नातीपुढे धरला. वीस-बावीस वर्षांची सवय होती. नारळ फुटला की पहिला तुकडा यार्देनचा.

यार्देनने तुकडा घेतला. तोंडात टाकायच्या आधी, तिनेही लक्ष न देता, हळूच म्हटलं, हिब्रू वळणाच्या र आणि ळ सकट, पण सुरात:

*होडी गेली पाण्यात, पदर राहिला काठी,*
*नारळाचा तुकडा राखला लेकीच्यासाठी.*

विळी थांबली. पलीकडे अहुवाच्या हातातला चमचा मेंदीत पडला.

"काय म्हणालीस?" सॅलीने विचारलं.

"ब्राखा म्हटली," यार्देन खोबरं चावत म्हणाली. "नारळाची. तू मला तुकडा देताना नेहमी म्हणायचीस. फळाची वेगळी, पावाची वेगळी, तशी ही नारळाची. बालवाडीत मी बाईंनाही म्हणून दाखवली होती. त्या म्हणाल्या, अशी ब्राखा नसते. मी घरी येऊन रडले होते."

"मी म्हणायचे?" सॅली म्हणाली.

"दर वेळी. मग मी मोठी झाले, तू म्हणायची थांबलीस. मी मनातल्या मनात म्हणते अजून. सफ्ता, काय झालं? का रडतेस?"

अहुवा तोवर जवळ येऊन उभी राहिली होती, हिरव्या हातांनी. "हेच! हेच गो मधलं! माझी आई हेच म्हणायची!" ती ओरडली आणि तिने त्याच हिरव्या हातांनी यार्देनचे दोन्ही गाल धरले. मेंदी आधी नवरीच्या गालांवर लागली.

सॅली विळीवरून उठलीच नाही. तीन कंपन्यांना तिने विचारलं होतं, मधला तुकडा कुठे जातो. तीनशे घरांना विचारलं होतं. आपल्या घरात विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"आणि त्या तीनशे डिस्कमध्ये हे नाहीच," ती डोळे पुसत म्हणाली. "आता काय करायचं?"

यार्देनने गालावरची मेंदी पुसली, एक क्षण विचार केला, आणि खांदे उडवले. "काही नाही करायचं. एवढं एक बिनप्लास्टिकचं राहू दे."

संध्याकाळी दिवे लागले, घर माणसांनी फुलून गेलं. आलेल्या सगळ्यांना यार्देनने आपल्या हाताने पाकिटं दिली, आणि मग तिला पाटावर बसवून अहुवाने तिच्या दोन्ही हातांना मेंदी लावली. मनाशेने डिस्क लावली. होडीचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि सात म्हाताऱ्यांचं ते "हं हं हं" आलं. सगळ्या माना यार्देनकडे वळल्या.

यार्देनने मेंदीचे हात वर करून दाखवले आणि आजीकडे बघून मराठीत म्हणाली, "आजी, तुकडा. त्याच्याशिवाय येत नाही."

सॅलीने पदराखाली राखून ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा काढला आणि नातीच्या तोंडात भरवला. यार्देन भरल्या तोंडाने गायला लागली.